माद्रिदमध्ये नवीन आहात? आधी 'दे, ये, सांग' शिका

अ‍ॅपवर स्पॅनिश शिकून इकडे आलेले बरेच जण भूतकाळ-भविष्यकाळ घोकत असतात आणि बारमध्ये गेले की 'मला एक कॉफी मिळू शकेल का' टाइपचं लांबलचक वाक्य जुळवत उभे राहतात, तोवर मागचे तिघं ऑर्डर देऊन मोकळे! इथे सरळ 'पोन्मे उन काफे, पोर फाबोर' (मला एक कॉफी दे, प्लीज) म्हणतात, उद्धट वगैरे काही वाटत नाही कोणाला.

साध्या क्रियापदांना 'तू'चा आज्ञार्थ सोपा आहे, 'कोमे' म्हणजे तो खातो आणि 'कोमे' म्हणजेच तू खा. आडमुठी आहेत ती फक्त आठ, तेवढी पाठच करा: दी (सांग), आथ (कर), बे (जा), पोन (ठेव), साल (बाहेर पड), से (हो), तेन (घे, धर), बेन (ये). यातलं 'बे' हे 'बघ' पण होतं, म्हणून बोलताना 'बघ'साठी लोक बहुतेक 'मीरा' म्हणतात.

सरकारी ऑफिस, बँक, शेजारच्या आजी इथे 'उस्तेद', म्हणजे आपलं अहो-जाहो. तिथे युक्ती अशी की 'मी'चं रूप घ्यायचं आणि मूळ क्रियापद -एर किंवा -ईरने संपत असेल तर शेवटच्या ओ-चा आ करायचा (-आरने संपत असेल तर ए): दीगो-दीगा, आगो-आगा, पोंगो-पोंगा, तेंगो-तेंगा. एटीएमवर 'इंत्रोदूथ्का' (घाला) दिसतं ना, तेही असंच बनलंय. यात न बसणारी थोडीच, जशी बाया (जा) आणि सेआ (व्हा), ती वेगळी लक्षात ठेवा. फोन उचलल्यावर 'दीगामे' ऐकू आलं तर घाबरू नका, ते 'बोला' म्हणतायत. आणि 'बेंगा' म्हणजे खरं तर 'या', पण इथले लोक चल, बरं, आवर, ठेवतो आता, सगळ्याला तेच वापरतात, त्याचं व्याकरण शोधत बसू नका.

मित्रांच्या ग्रुपला बोलताना मूळ क्रियापदाच्या शेवटच्या र-चा द होतो, बेनीर (येणे)-बेनीद (या), आणि इथे एकही अपवाद नाही! पण बोलताना बरेच जण र तसाच ठेवतात. 'जा तुम्ही'साठीचं 'ईरोस' तर इतकं रुळलं की स्पॅनिश अकादमीने 2017 मध्ये ते मान्यच केलं.

मला, ते वगैरे शब्द मागे चिकटतात, दीमेलो म्हणजे सांग मला ते. 'नको करूस'ला मात्र सगळंच बदलतं, त्यामुळे ते या आठांमध्ये मिसळू नका, आठवडाभर नुसतं हेच वापरा. आणि ऑफिसात कोणी अर्जेंटिनाचं असेल तर तो 'बेन'ऐवजी 'बेनी' म्हणेल, शेवटी जोर देऊन, तेही बरोबरच आहे.