कम्युनिटी कॉलेजातून गणिताची पदवी: दोन वर्षांचे विषय कसे आखावेत

कॅलिफोर्नियात ११६ कम्युनिटी कॉलेजे आहेत. पहिली दोन वर्षे तिथे शिकायचे आणि मग विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जायचे, हा मार्ग फ्रीमाँट-क्युपर्टिनोकडच्या मराठी घरांतली मुले घेतात. एच-४ व्हिसावर (एच-१बीवर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराला आणि मुलांना मिळणारा) आलेल्या आणि काही वर्षांनी पुन्हा शिकायला बसलेल्या बायकाही घेतात. फी हे मोठे कारण आहे. राज्याचा रहिवासी ठरलेल्या विद्यार्थ्याला एका युनिटला (कोर्सचा भार मोजायचे माप) ४६ डॉलर पडतात, बाहेरच्याला त्याच्या कित्येक पट. एच-४ धारकालाही रहिवासी ठरता येते. त्यासाठी राज्यात एक वर्ष आणि एक दिवस वास्तव्य झाल्याचे कागद लागतात, ते प्रवेशाआधीच गोळा करून ठेवा.

पदवी गणिताची असेल तर आखणी पहिल्या आठवड्यातच व्हायला हवी. इतिहासाचा एखादा कोर्स या सेमिस्टरला नाही मिळाला तर पुढच्या सेमिस्टरला घेता येतो. कॅल्क्युलसचे तसे नाही. पहिला भाग झाल्याशिवाय दुसरा नाही, दुसऱ्याशिवाय तिसरा नाही. एक भाग राहिला की मागचे सगळे एक सेमिस्टर पुढे जाते.

पायरी १: आधी विद्यापीठ, मग कॉलेज

बहुतेकजण कॉलेजचा कॅटलॉग उघडून सुरुवात करतात. तुम्ही उलट्या टोकाने सुरू करा. असिस्ट नावाचे राज्याचे अधिकृत संकेतस्थळ आहे. तिथे आपले कॉलेज, हवे ते यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) किंवा सीएसयू (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) विद्यापीठ आणि गणित हा विषय निवडला की कुठला कोर्स तिथल्या कुठल्या कोर्सच्या जागी धरला जातो, ते समोर येते. तीन-चार विद्यापीठांची पाने काढून शेजारी शेजारी ठेवा. सगळ्यांना लागणारे विषय आधी घ्यायचे, एखाद्यालाच लागणारे मागाहून.

हे एवढ्या आग्रहाने सांगतो, कारण पदवीचा किमान अभ्यासक्रम आणि विद्यापीठाची अपेक्षा यांत बरेच अंतर आहे. २०१० च्या कायद्याने ‘असोसिएट डिग्री फॉर ट्रान्स्फर’ सुरू झाली. एकूण ६० सेमिस्टर युनिट झाली, त्यात ठरलेले विषय असले की सीएसयूमध्ये कुठल्या तरी कॅम्पसवर प्रवेशाची हमी मिळते. तो कॅम्पस तुमच्या आवडीचाच असेल, अशी मात्र हमी नाही. गणितात या पदवीसाठी कॅल्क्युलसचे तीन भाग, लिनिअर अल्जेब्रा किंवा डिफरन्शियल इक्वेशन्स (विकल समीकरणे) यांपैकी एक आणि आणखी एक विषय, एवढे पुरते. कागदावर पदवी होते. पण तिसऱ्या वर्षाला बसल्यावर दोन्ही विषय येतात असे धरूनच शिकवले जाते. म्हणून माझा सल्ला असा: पदवी एकावर भागत असली तरी दोन्ही कम्युनिटी कॉलेजातच करा.

पायरी २: सुरुवात कुठून करायची ते ठरवा

नव्या नियमांमुळे विज्ञान-गणिताच्या विद्यार्थ्यांना कॉलेजे आता शक्यतो थेट कॅल्क्युलसमध्येच बसवतात, गरज वाटली तर सोबत मदतीचा जोडवर्ग देतात. महाराष्ट्र बोर्डातून बारावी सायन्स केलेल्याने विकलन, संकलन आणि विकल समीकरणे पाहिलेली असतात. पण ‘मला हे येतं’ म्हणून एकदम दुसऱ्या भागात उडी मारू नका. बारावीच्या गुणांवर सहसा कॉलेजचे क्रेडिट मिळत नाही, आणि विद्यापीठाला पहिल्या भागाचा ग्रेड हवा असतो. शिवाय आपल्याकडे गणिते सोडवण्याचा सराव भरपूर झालेला असतो, सीमेची (लिमिटची) व्याख्या स्वतःच्या शब्दांत लिहून समजावण्याचा कमी. ती सवय पहिल्या भागातच लागते.

अमेरिकेतल्याच हायस्कूलमध्ये एपी कॅल्क्युलस बीसी (कॉलेजच्या पातळीचा हायस्कूल कोर्स) केलेल्यांची गोष्ट निराळी. कॉलेज क्रेडिट देत असेल तर एक-दोन भाग वाचतात. मात्र ते क्रेडिट विद्यापीठही त्याच कोर्ससाठी मानते का, हे आधी पाहा.

पायरी ३: साखळी मांडा

कागदावर चार सेमिस्टरचे चार रकाने पाडा आणि आधी फक्त गणित भरा. पहिल्यात कॅल्क्युलस १. दुसऱ्यात कॅल्क्युलस २. तिसऱ्यात कॅल्क्युलस ३ आणि लिनिअर अल्जेब्रा. चौथ्यात डिफरन्शियल इक्वेशन्स आणि डिस्क्रीट मॅथ. लिनिअर अल्जेब्रासाठी बहुधा कॅल्क्युलस २ झालेले लागते. डिफरन्शियल इक्वेशन्ससाठी काही ठिकाणी दुसरा भाग पुरतो, काही ठिकाणी तिसरा लागतो. तुमच्या कॉलेजची अट कोर्सच्या वर्णनात पाहून घ्या.

डिस्क्रीट मॅथबद्दल थोडे जास्त लिहायला हवे. पुष्कळ विद्यार्थी तो कॉम्प्युटरवाल्यांचा विषय समजून सोडतात. खरे तर सिद्धता लिहायची पहिली ओळख बऱ्याच जणांना तिथेच होते. विद्यापीठात रिअल अॅनालिसिस आणि अॅबस्ट्रॅक्ट अल्जेब्रा सुरू झाले की आकडेमोड मागे पडते आणि पानभर युक्तिवाद लिहावा लागतो. कॅल्क्युलसमध्ये ए मिळवणारी हुशार मुले तिथे अडखळतात, कारण तसले काम त्यांनी कधी केलेलेच नसते. आपल्याला हे गणित खरोखर आवडते का, हे तिसऱ्या वर्षाआधी कळणे फार मोलाचे आहे. वेळापत्रकात बसत असेल तर हा विषय तिसऱ्याच सेमिस्टरला घ्या.

आता धोका. लहान कॉलेजांत लिनिअर अल्जेब्रा किंवा डिफरन्शियल इक्वेशन्स वर्षातून एकदाच लागतो, तोही कधी फक्त संध्याकाळी. मागच्या दोन वर्षांची वेळापत्रके काढून कुठला विषय कधी लागला होता ते पाहा. आपल्याकडे लागत नसेल तर शेजारच्या कॉलेजात तेवढा एक कोर्स घेता येतो. मात्र कॅल्क्युलसचे भाग दोन कॉलेजांत वाटू नका. दि आन्झा आणि फूटहिल ही कॉलेजे क्वार्टर पद्धतीची, म्हणजे तिथे वर्षाची सत्रे सेमिस्टरपेक्षा लहान असतात. दि आन्झात कॅल्क्युलसचे १ए ते १डी असे चार भाग होतात, सेमिस्टरच्या कॉलेजात तीन. मध्येच बदललात तर काही धडे दोनदा होतात आणि काही होतच नाहीत.

पायरी ४: बाकीचे विषय भोवती बसवा

सामान्य शिक्षणासाठी २०२५ पासून कॅल-गेटसी ही एकच योजना आहे: ११ कोर्स, ३४ युनिट. गणिताचा गट कॅल्क्युलसनेच भरतो. कॅल्क्युलसवर आधारलेले भौतिकशास्त्र प्रयोगशाळेसह घेतले की भौतिक विज्ञानाचा गटही भरतो आणि त्यातले मेकॅनिक्स पदवीच्या यादीतही चालते. एका कोर्सने दोन कामे होतात, तिथे ती करून घ्या.

इंग्रजी लेखन पहिल्या सेमिस्टरलाच उरका. क्रिटिकल थिंकिंग त्यानंतर. उन्हाळ्यात कला, समाजशास्त्र असे विषय घ्या, कॅल्क्युलस २ मात्र नको. सोळा आठवड्यांचा अभ्यास सहा-आठ आठवड्यांत कोंबला जातो, आणि अनंत श्रेणी पचायला वेळ लागतो. तसेच कॅल्क्युलस २, मेकॅनिक्स आणि प्रोग्रामिंग एकाच सेमिस्टरला घेऊ नका. तिन्हींचा गृहपाठ एकाच आठवड्यात अंगावर येतो.

एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असाल तर दर सेमिस्टरला किमान १२ युनिट हवीत आणि त्यांत ऑनलाइनची ३ च धरली जातात. एच-४ वरच्या मुलांनी २१ व्या वाढदिवसाची तारीखही आखणीत लिहून ठेवावी, कारण त्या दिवसापासून तो दर्जा राहत नाही.

पायरी ५: अर्जाचे गणित

यूसी आणि सीएसयूचे ट्रान्स्फर अर्ज तिसऱ्या सेमिस्टरमध्येच, ऑक्टोबर-नोव्हेंबरात भरायचे असतात. म्हणजे अर्जावर दिसणारे पूर्ण झालेले गणित कॅल्क्युलस १ आणि २, एवढेच. पहिल्या वर्षाच्या या दोन ग्रेडवर बरेच काही ठरते. म्हणून पहिल्या वर्षी कामाचे तास कमी ठेवता आले तर ठेवा. मुख्य विषयात सी पेक्षा खाली चालत नाही, आणि बर्कली किंवा यूसीएलएसाठी सी पुरतही नाही.

डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ हे सहा यूसी कॅम्पस ठरलेल्या अटी पाळल्या तर हमीचा करार देतात. त्याचा अर्ज सप्टेंबरात करावा लागतो आणि तो एकाच कॅम्पसला करता येतो. प्रत्येक कॅम्पसची गणितासाठीची अट वेगळी असते, आणि काही विषयांना हा करार लागूच नसतो.

आराखडा तयार झाला की कौन्सिलरला दाखवून ‘एज्युकेशन प्लॅन’ म्हणून नोंदवून घ्या. शक्य असेल तर विज्ञान-गणिताचे विद्यार्थी पाहणाराच कौन्सिलर मागा. प्रत्येक सेमिस्टरला नोंदणी उघडण्याच्या दोन आठवडे आधी तोच कागद पुन्हा काढून वेळापत्रकाशी ताडा. जानेवारीत यूसीला शरद सत्राचे ग्रेड कळवायचे असतात, ते विसरू नका. शेवटच्या सेमिस्टरला पदवीसाठी कॉलेजकडे वेगळा अर्ज करावा लागतो. सगळे कोर्स झाले म्हणून पदवी आपोआप लागेल असे धरून बसू नका, त्या अर्जाची मुदत कॉलेजच्या दिनदर्शिकेत आजच पाहून ठेवा.