विंडोज ठेवायचं का लिनक्स टाकायचं? आधी काम बघा मग ठरवा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तेव्हापासून लातूर काय नांदेड काय, कुठंबी विचारा, लोक हेच सांगायलेत की जुना लॅपटॉप भंगारात टाका आन नवीन घ्या. घाई करू नका. मशीन चालूच राहतंय, नेहमीचे सिक्युरिटी अपडेट तेवढे थांबलेत, पण बँकेचं काम त्याच्यावर करत असाल तर तसंच वर्षानुवर्षं बी ठेवू नका.

आधी एका कागदावर लिहून काढा की रोज उघडता काय काय. टॅली आहे, लग्नपत्रिकेसाठी श्रीलिपी आन कोरलड्रॉ आहे, सेवा केंद्रातलं अंगठ्याचं मशीन किंवा डिजिटल सहीचा टोकन आहे, तर गुपचूप विंडोजवरच रहा, कारण हे सगळं त्याच्यावरच नीट चालतं. टायपिंगची परीक्षा द्यायची असेल तर क्लासमध्ये जे आहे तेच घरी ठेवा. मॅकओएस फक्त ॲपलच्याच मशीनवर, म्हणजे तो प्रश्न बजेटचा.

विंडोज ११ बसतं का बघायला विंडोजचं बटन आन आर सोबत दाबा, टीपीएम डॉट एमएससी (tpm.msc) टाईप करा, तिथं टीपीएमचं (म्हणजे मशीनमधल्या सिक्युरिटी चिपचं) व्हर्जन २.० दिसलं पाहिजे, आन इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा लागतो. कंपनी ४ जीबी रॅम पुरते म्हणते पण माझ्या मते ८ च्या खाली नादाला लागू नका. आन कुणी क्रॅक (चोरीचं) विंडोज फुकट टाकून देतो म्हणलं तर अजिबात घेऊ नका, त्याच्यात काय लपवून ठेवलंय कुणाला माहीत, आन आपला पासवर्ड तिथंच टाकायचा असतो.

आता ज्यांचं काम ब्राउझर, पीडीएफ, एमपीएससीचे व्हिडिओ, थोडं वर्ड एक्सेल एवढंच आहे त्यांनी लिनक्स मिंट खरंच बघा, लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी टाकायची दुसरी सिस्टीम आन मिंट हा त्याचाच एक प्रकार, पैसे लागत नाहीत, आन मशीन लई जुनं असेल तर त्याचीच एक्सएफसीई आवृत्ती घ्या, ती हलकी आहे. मिंटच्या साईटवरून आयएसओ फाईल (पूर्ण मिंट असलेली एकच फाईल) उतरवा, ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राईव्हवर रुफस नावाच्या सॉफ्टवेअरनं टाका (पेनड्राईव्हवरचं सगळं पुसलं जातं बरं का), लॅपटॉप चालू करताना डेल किंवा लेनोवोला बहुतेक एफ १२, एचपीला एफ ९ दाबून पेनड्राईव्ह निवडा. हार्डडिस्कला हात न लावता मिंट चालू होतं. थोडं हळू वाटेल, ते पेनड्राईव्हमुळं. तिथंच वायफाय, आवाज, प्रिंटर तपासा, कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट (मराठी टायपिंगची मांडणी) जोडून चार ओळी टाईप करून बघा, कृतीदेवमधल्या जुन्या फाईली असतील तर तो फॉन्ट टाकल्याशिवाय वाचता येणार नाहीत.

पटलं तरच इन्स्टॉल करा, आन 'इरेज डिस्क' (म्हणजे डिस्कवरचं सगळं पुसा) दाबायच्या आधी फोटो, सातबारा, मार्कशीट दुसरीकडं कॉपी करून घ्या. वायफाय सापडलं नाही तर मोबाईल केबलनं जोडून नेट द्या आन मिंटमधलं ड्रायव्हर मॅनेजर उघडा, बऱ्याचदा ड्रायव्हर तिथंच मिळतो.