सी शार्पमध्ये ‘शून्य’ आणि ‘नल’ वेगळे कसे ठेवावेत

निकालपत्रकात शून्य गुण आणि ‘गैरहजर’ या दोन वेगळ्या नोंदी असतात. सी शार्प या प्रोग्रामिंग भाषेच्या साध्या इंटमध्ये (int, पूर्णांक ठेवणारा टाइप) हा फरक मावत नाही: 0 मावतो, ‘नल’ (null, म्हणजे किंमतच नाही) मावत नाही. इंट, बूल (खरं की खोटं), डेटटाइम (तारीख-वेळ) हे व्हॅल्यू टाइप, म्हणजे त्यांच्यात कायम काहीतरी किंमत असतेच. क्लासमधल्या फील्डला तुम्ही किंमत दिली नाहीत तर इंटमध्ये 0 येतो, डेटटाइममध्ये 1 जानेवारी, सन 1. रिपोर्टवर कुणाची जन्मतारीख अशी छापून आली की गडबड कुठे झाली ते लगेच ओळखावं.

पायरी 1. टाइपपुढे प्रश्नचिन्ह लावा:

`इंट? गुण = नल;`

(इंट, नल, इफ, एल्स हे शब्द प्रत्यक्ष कोडमध्ये int, null, if, else असेच लिहा. व्हेरिएबलचं नाव मात्र देवनागरीत दिलेलं सी शार्पला चालतं. टीमला चालेल का, ते आधी विचारा.) ही सोय 2005 च्या सी शार्प 2.0 पासून आहे. आत नलेबल नावाचं स्ट्रक्ट असतं: एक किंमत आणि ती भरली आहे का हे सांगणारा एक बूल. मात्र दिसेल तिथे प्रश्नचिन्ह लावत सुटू नका. जिथे माहिती खरोखरच नसू शकते तिथेच लावा.

पायरी 2. वाचताना थेट ‘व्हॅल्यू’ मागू नका. आत नल असेल तर इनव्हॅलिड ऑपरेशन एक्सेप्शन (प्रोग्राम चालताना येणारी एरर) येतं. आधी ‘हॅजव्हॅल्यू’ तपासा.

पायरी 3. तुलना जपून करा. खरी मेख इथे आहे.

`इफ (गुण >= 35) पास; एल्स नापास;`

गुण नल असतील तर `>=` चं उत्तर फॉल्स येतं आणि गैरहजर मुलगा गुपचूप नापासांच्या यादीत जातो. कंपायलर कुरकुरत नाही, एरर येत नाही. `गुण < 35` विचारलं तरी उत्तर फॉल्सच. म्हणून नलची फांदी सर्वांत आधी लिहा. बेरजेचंही तसंच: नल अधिक 5 म्हणजे नलच.

पायरी 4. `गुण ?? 0` (गुण नल असतील तर त्याऐवजी 0 घ्या) हाताशी आहे म्हणून सगळीकडे वापरू नका. गुण 60, 40 आणि नल असतील तर लिंकचं (LINQ, यादीवर हिशेब करायची सी शार्पमधली सोय) ‘ॲव्हरेज’ नल वगळून 50 देतं, आधी `?? 0` केलंत तर 33.33. पर्यायी किंमत द्यायचीच तर ती स्क्रीनवर दाखवताना द्या, हिशेबाआधी नाही.

डेटाबेसमधून डेटारीडरने (ओळी एकेक करून वाचणारा ऑब्जेक्ट) वाचत असाल तर आणखी एक: तिथला रिकामा रकाना नल म्हणून येत नाही, ‘डीबीनल’ म्हणून येतो. आधी ‘इझडीबीनल’ने तपासा, मगच गुण भरा.