गालिच्यावरील डाग घरच्या घरी काढताना या चुका टाळा

संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दिवशी आमच्या दिवाणखान्यातील बदामी रंगाच्या लोकरी गालिच्यावर करंड्यातील हळद सांडली. हळद कोरडी होती; पोस्टकार्डाच्या कडेने हलकेच भरून घेतली असती आणि उरलेल्यावर व्हॅक्यूम फिरवला असता, तर ती बहुतेक निघाली असती. मी मात्र पाहुण्यांदेखत घाईघाईने ओले फडके फिरवले आणि पिवळा पट्टा उमटलेला पाहून त्यावर कपड्यांच्या साबणाचे पाणी घातले. पाहता पाहता तो पट्टा विटकरी लाल झाला. सासूबाई एवढेच म्हणाल्या, “अगं, हळदीचं कुंकू केलंस की!”

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. हळदीतील कर्क्युमिन या पिवळ्या रंगद्रव्याला क्षार लागला की ते लाल होते आणि पारंपरिक कुंकू हळदीच्या याच गुणावर तयार होते. साबण आणि धुण्याचा सोडा हे दोन्ही क्षारधर्मी असल्यामुळे हळदीच्या डागावर सर्वांत आधी त्यांचाच हात देणे ही आपल्याकडील घरांमध्ये सर्रास होणारी चूक आहे. ती होऊन गेलीच असेल, तर एक भाग पांढरे व्हिनेगर आणि दोन भाग पाणी असे मिश्रण फडक्यावर घेऊन डागावर टिपावे, म्हणजे लाली जाऊन मूळचा पिवळा रंग परत येतो. हा पिवळा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्पिरिटमध्ये मात्र विरघळतो; म्हणून औषधाच्या दुकानात मिळणारे स्पिरिट पांढऱ्या सुती फडक्यावर थोडेसे घेऊन, दर वेळी फडक्याची कोरी बाजू वापरत, कडेकडून मध्याकडे टिपत जावे. स्पिरिट थेट गालिच्यावर ओतू नये, कारण ते खालपर्यंत झिरपल्यास यंत्रावर विणलेल्या गालिच्याच्या पाठीला लावलेला चिकट थर सैल होण्याची भीती असते. काम करताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि जवळपास निरांजनसुद्धा तेवत नसावे.

टिपणे आणि घासणे यांतील फरक पुष्कळांना किरकोळ वाटतो, पण तो तसा नाही. ब्रशने घासल्यावर लोकरीचे पीळ सुटून तंतू पिंजल्यासारखे होतात, डाग निघाला तरी ती जागा उजेडात वेगळीच चमकते, आणि ही इजा कोणत्याही द्रावणाने भरून निघत नाही.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फसफसणारा फेस डागावर ओतण्याचा उपाय हल्ली फार लोकप्रिय झाला आहे. त्या फेसात दिसतो तो केवळ कार्बन डायऑक्साइड वायू. आम्ल आणि क्षार एकमेकांना निष्प्रभ करतात आणि मागे जे उरते ते जवळपास मिठाचे पाणी असते. हे दोन्ही पदार्थ उपयोगी आहेत, पण वेगवेगळे. सोडा कोरडाच भुरभुरून रात्रभर ठेवल्यास कुबट वास कमी होतो, तर पातळ केलेले व्हिनेगर चहा-कॉफीच्या डागावर चालते. तपकिरी व्हिनेगर मात्र घेऊ नये. त्याचाच डाग काढत बसावे लागेल.

दुधाचा चहा सांडल्यास गरम पाणी वापरू नये, कारण उष्णतेने दुधातील प्रथिने तंतूंवर घट्ट बसतात, आणि रक्ताच्या डागाचेही तसेच होते. आधी गार पाण्याने टिपावे, मग दोन कप पाण्यात अर्धा चमचा भांडी घासण्याचे लिक्विड घालून त्याने टिपावे आणि त्यानंतर व्हिनेगर वापरावे. तेलाच्या डागावर पाण्याच्या आधी कॉर्नफ्लोअर घालून काही तास तसेच राहू द्यावे.

डाग गेला म्हणून निश्चिंत झालो आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तिथेच दिसला, ही तक्रार बहुधा पाणी जास्त वापरल्यामुळे उद्भवते. जास्तीचे पाणी डाग तळाशी नेते आणि वाळताना तंतूंमधून वर चढत तोच डाग टोकांवर आणून ठेवते. अशा वेळी ती जागा अगदी थोडी ओलसर करून त्यावर पांढऱ्या टॉवेलांची जाड घडी ठेवावी, वर पाटा किंवा जड पुस्तके ठेवावीत आणि रात्र जाऊ द्यावी. वर चढणारा रंग टॉवेलात उतरतो. याउलट डाग निघून महिन्याभराने तीच जागा काळपट दिसू लागली, तर दोष आत राहिलेल्या साबणाचा असतो, कारण त्याला धूळ चिकटते. तिथे साध्या पाण्याने तीन-चार वेळा टिपणे एवढाच उपाय आहे. बोअरचे पाणी जड असेल, तर फिल्टरचे घ्यावे. पावसाळ्यात शक्यतो ओला उपाय करूच नये, आणि करावाच लागला तर गालिच्याची कड खालून उचलून पंखा लावावा.

ब्लीच लोकरीचे तंतूच खाते. शिवाय ते व्हिनेगरमध्ये मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो, तेव्हा गालिच्याच्या कामात त्याची बाटली उघडूच नये.

गालिचा कशाचा आहे हे नक्की ठाऊक नसेल, तर झालरीतील एखादा धागा चिमट्यात धरून मोरीत जाळून पाहावा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटाने चुरली गेली तर लोकर किंवा रेशीम. वितळून कडक गोळी झाली तर कृत्रिम धागा. जळक्या कागदाचा वास आला तर सूत, ताग किंवा ‘आर्ट सिल्क’ म्हणून विकला जाणारा व्हिस्कोस. व्हिस्कोसवर पाण्याचाही प्रयोग करू नये, कारण ओला झाल्यावर तो कमकुवत होतो, पिवळसर पडतो आणि त्याची लव चिकटून बसते. बाकीच्यांवरही कोणतेही द्रावण आधी सोफ्याखाली दडलेल्या कोपऱ्यात लावून, दहा मिनिटांनी पांढऱ्या फडक्यावर गालिच्याचा रंग उतरतो का ते पाहावे.

आमच्या गालिच्यावर व्हिनेगर आणि स्पिरिटनंतरही फिकट पिवळी झाक राहिली होती. कर्क्युमिन उजेडात विटते, म्हणून डागाएवढी जागा उघडी ठेवून उरलेला गालिचा जुन्या चादरीने झाकला आणि तीन आठवडे सकाळचे कोवळे ऊन घरात येईल तेव्हा तो खिडकीकडे सरकवत राहिले. झाकल्याशिवाय उन्हात टाकला असता, तर डागाबरोबर गालिचाही विटला असता.