वैमानिकाला प्राण्यांसाठी काम करायचं असेल तर: अमेरिकेतल्या नवख्यांसाठी

अमेरिकेत दक्षिणेकडची शेल्टरं (बेवारस प्राण्यांची आश्रयस्थानं) कुत्र्यांनी भरून गेलेली असतात, तर उत्तरेत त्यांना दत्तक घ्यायला माणसं वाट बघत असतात. मधल्या अंतरासाठी खाजगी वैमानिकांची मदत मिळावी म्हणून २००८ मध्ये साउथ कॅरोलायनात ‘पायलट्स एन पॉज’ ही संस्था उभी राहिली. ती शेल्टर आणि वैमानिक यांची गाठ घालून देते. विमान, इंधन आणि उडायचं की नाही हा निर्णय, सगळं तुमचं. प्राणी वाचवण्याच्या या चळवळीत यायला ही वाट सगळ्यात सोपी.

आधी पैशाचं. प्रायव्हेट पायलट लायसन्सवर मोबदला घेऊन उडता येत नाही, आणि शेल्टरने भरून दिलेलं इंधनही मोबदल्यात धरलं जाऊ शकतं. हेतू चांगला असला म्हणून नियम वाकत नाही. व्हूपिंग क्रेन या दुर्मिळ क्रौंच पक्ष्याच्या पिल्लांना हलक्या विमानामागून दक्षिणेची वाट दाखवणारी मोहीम डिसेंबर २०११ मध्ये अलाबामात थांबली, कारण वैमानिकांना पगार मिळत होता. एफएएने (अमेरिकेच्या हवाई वाहतूक नियामकाने) सवलत दिली ती जानेवारीत. तेव्हा खर्च स्वतः करा. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेच्या कामासाठी उडालात तर इंधनाचा खर्च आयकरात वजावटीला दाखवता येतो. विमानाचा घसारा किंवा तुमच्या वेळेची किंमत नाही.

आता वजन. सेसना १७२ एस हे चार आसनांचं छोटं विमान घ्या. उपयुक्त भार, म्हणजे इंधन, माणसं आणि सामान मिळून नेता येणारं वजन, साधारण ८५० पौंड धरू. टाक्या भरल्या की वापरण्याजोगं इंधन ५३ गॅलन, गॅलनला ६ पौंडांप्रमाणे ३१८ पौंड. पुढे दोन माणसं ३४० पौंडांची. उरले १९२. साठ-साठ पौंडांची दोन कुत्री आणि त्यांचे क्रेट (पिंजरे) मिळून १६५ च्या घरात जातात. इतक्यात धावपट्टीशेजारी शेल्टरचा माणूस म्हणतो, “आणखी एक आहे, छोटंच आहे.” इथेच चूक होते. शेल्टरने सांगितलेलं वजन बहुतेकदा अंदाजाने असतं, त्यात क्रेट धरलेला नसतो. तराजू सोबत ठेवा. जास्त न्यायचं असेल तर इंधन कमी भरा आणि मध्ये एक थांबा घ्या. दिवसाच्या व्हीएफआर (नजरेने बघून केलेल्या) उड्डाणाला नियमाने ३० मिनिटांचं राखीव इंधन लागतं, आपण तासाभराचं धरावं. सामानाच्या कप्प्याची मर्यादा १२० पौंड आहे, शिवाय तिथला भार गुरुत्वमध्य मागे ओढतो. म्हणून जड क्रेट मागच्या आसनाच्या जागी, तळाशी पट्टे आवळून. क्रेटच्या मुठीतून सीटबेल्ट ओवणं पुरत नाही. झटका बसला की प्लॅस्टिकची मूठ तुटते.

सगळ्यात धोक्याची वेळ चढवण्या-उतरवण्याची. इंजिन पूर्ण बंद आणि किल्ली हातात असल्याशिवाय एकही कुत्रं विमानाजवळ आणायचं नाही. शेल्टरमधून नुकतंच निघालेलं भेदरलेलं कुत्रं मागे रेटा देऊन मान आक्रसतं आणि पट्ट्यातून सहज निसटतं. त्यामुळे दोन दोऱ्या: एक घट्ट होणाऱ्या फासाची, दुसरी हार्नेसची, दोन्ही वेगवेगळ्या हातांत. क्रेट उघडायचा तो बंद गाडीत किंवा दारं लावलेल्या केबिनमध्ये, रॅम्पवर (विमानं उभी करायच्या मोकळ्या जागेत) कधीच नाही. निसटलंच तर पाठलाग करू नका, ते धावपट्टीकडे पळेल. टॉवर असेल तर आधी त्यांना कळवा.

हवेत गेल्यावर बहुतेक कुत्री इंजिनाच्या आवाजाने झोपतात. ८,००० फुटांच्या खाली राहा. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्यांना आणखी खाली. उतरताना मिनिटाला ५०० फुटांपेक्षा जास्त वेग नको, कान दुखतात. गुंगीचं औषध देऊ नका: रक्तदाब उतरतो, तोल जातो, शरीराचं तापमान आवरत नाही. उन्हाळ्यात पहाटे उडा. कुत्र्याचं तापमान एरवीच ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं आणि त्याला गार व्हायला धापा टाकण्याखेरीज फारसा उपाय नसतो. उन्हात उभ्या विमानात धापा पुरत नाहीत.

राज्याची हद्द ओलांडायची तर पशुवैद्यकाचं आरोग्य प्रमाणपत्र आणि रेबीजच्या लसीचा दाखला लागतो. दर राज्याचे नियम वेगळे. मॅसॅच्युसेट्समध्ये बाहेरून आलेल्या शेल्टरच्या कुत्र्यांना ४८ तास वेगळं ठेवावं लागतं. पिल्लांमध्ये पार्व्हो या जीवघेण्या संसर्गाची भीती मोठी. तो विषाणू ब्लीचने मरतो, पण ब्लीच ॲल्युमिनियम खातं. म्हणून केबिनमध्ये ताडपत्री आणि शोषक पॅड अंथरा, आणि क्रेट विमानापासून दूर नेऊन धुवा.

“उद्या त्याचा शेवटचा दिवस आहे”, म्हणजे जागेअभावी शेल्टर त्याला मारणार आहे, हे वाक्य मात्र हवामानापेक्षा घातक ठरतं. ढग खाली असताना, थकलेले असताना माणूस त्या एका वाक्यावर उडतो. उपाय आधीच करायचा: पहिल्याच फोनवर शेल्टरला सांगा की उड्डाण रद्द होऊ शकतं, आणि प्राण्याला दोन-तीन दिवस ठेवून घेणारं घर किंवा गाडीची सोय आधी करून घ्या. हवामानाचा निर्णय होईपर्यंत त्याचा फोटो न बघणं उत्तम.

एअरलाइनमध्ये नोकरी असेल तर तुमची ताकद वेगळी आहे. कॅप्टनला मिळणाऱ्या नोटॉकमध्ये (विशेष मालाच्या सूचनापत्रात) जिवंत प्राणी ‘एव्हीआय’ म्हणून नोंदलेले असतात. ते दिसले की विचारा: कोणत्या कप्प्यात, तिथलं हीटिंग चालू आहे का, शेजारी ड्राय आइस ठेवला आहे का? त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड बंद कप्प्यात प्राण्याला गुदमरवतो. निघायला उशीर होत असेल तर प्राणी कुठे थांबलेत हेही विचारा. पण ते कागद बाहेर देऊ नका. नोकरी जाईल आणि पुढच्या वेळी विचारणारं कोणी उरणार नाही. गंभीर काही आढळलं तर आधी वकील गाठा.

जाहीरपणे बोलायचं असेल तर गणवेशाशिवाय बोला आणि सार्वजनिक नोंदींवर बोला. प्रवासी विमानांत मेलेल्या, जखमी झालेल्या आणि हरवलेल्या प्राण्यांची माहिती वाहतूक खात्याच्या एअर ट्रॅव्हल कन्झ्युमर रिपोर्टमध्ये छापली जाते. आणखी एक कायदा पाठ करून ठेवा: गुराढोरांना २८ तासांपेक्षा जास्त काळ विश्रांती आणि दाणापाणी न देता नेऊ नये, असं अमेरिकी कायदा १८७३ पासून सांगतो, पण हवाई आणि जलवाहतूक त्यातून वगळलेली आहे. ही पळवाट वैमानिकाइतकी नेमकी कोण समजावून सांगणार? नियमबदलावर हरकती-सूचना मागवल्या जातात तेव्हा विमानाचा प्रकार, कप्पा, तापमान आणि रॅम्पवर गेलेला वेळ लिहा.