गव्हाचा उतारा ओंबीवरच ताडा

जळगावच्या रावेर-यावलकडं गव्हाच्या बांधाला केळी असतेच. मोबाईलवर सेंटिनल-2 उपग्रहांचा हिरवेपणाचा नकाशा (एनडीव्हीआय) बघताना ही केळीच घात करते. नकाशातला एक चौकोन 10 मीटरचा, त्यामुळे बांधालगतचे चौकोन केळीचा हिरवेपणा गव्हाच्या खात्यात टाकतात. ते चौकोन सोडूनच द्या. नकाशा फुकट आहे, ढग नसतील तर दर 5 दिवसांनी नवा येतो. पण तो क्विंटल सांगत नाही, कुठं पीक दाट आणि कुठं विरळ एवढंच दाखवतो. फार दाट गव्हात तर तेही नीट नाही.

दाणे भरू लागले की दाट, मध्यम, विरळ अशा तिन्ही ठिकाणी जाऊन एक मीटर ओळीतल्या ओंब्या मोजा. समजा सरासरी 80 भरल्या. ओळींत 22.5 सेंटिमीटर अंतर असेल तर चौरस मीटरला 355. ओंबीत 36 दाणे, हजार दाण्यांचं वजन 38 ग्रॅम धरलं तर एकरी साडेएकोणीस क्विंटल. फेब्रुवारीत ऊन तापलं आणि वजन 32 वर आलं, की तोच गहू साडेसोळावर येतो. काढणीतली गळ वेगळी. व्यापाऱ्याला आकडा सांगायची घाई नको.