नैरोबीत वीजक्षेत्रात कामाला येताय? आधी तारा बघा

सौर, पवन किंवा भूऔष्णिक कंपन्यांत नोकरी घेऊन नैरोबीत येणाऱ्या मराठी मुलामुलींचे फोन हल्ली वरचेवर येतात. बहुतेकांच्या मनात असतं की केनियात वीज नाही आणि आपण स्वच्छ वीज घेऊन निघालोय. हा समज विमानात बसण्याआधीच काढून टाका. इथल्या ग्रीडमधली बहुतांश वीज आधीच जमिनीखालची वाफ, पाणी, वारा आणि ऊन यांतून येते. नैवाशाजवळच्या ओल्कारियात 1981 पासून वाफेवर जनित्रं चालताहेत. पहिल्या मोकळ्या शनिवारी तिथे जाऊन याच. हेल्स गेट उद्यानातून जाताना वाफेचे जाडजूड पाइप वळणं घेत डोंगर चढताना दिसतात, हवेत गंधकाचा वास असतो. आपल्याकडच्या इंजिनिअरला हे पुस्तकात वाचून कळत नाही.

इथलं खरं दुखणं वीज वाहून नेण्याचं आहे. तुर्काना सरोवराजवळ 365 पवनचक्क्या, म्हणजे 310 मेगावॅट, 2017 मध्ये उभ्या राहिल्या. तिथून सुस्वा उपकेंद्रापर्यंतची चारशेहून जास्त किलोमीटरची वाहिनी पूर्ण व्हायला 2018 उजाडलं. मधल्या काळात चक्क्या तयार, पण वीज न्यायला वाटच नाही. आणि करारात लिहिल्याप्रमाणे सरकारला भरपाई मोजावी लागली.

म्हणून मेगावॅटचा आकडा ऐकून हुरळून जाऊ नका. जवळचं उपकेंद्र कुठे आहे, वाहिनी कोण आणि कधी बांधणार, प्रकल्पाचा वीजविक्रीचा करार कोणत्या चलनात आहे, हे मुलाखतीतच विचारा. खासगी प्रकल्पांचे बरेच करार डॉलर किंवा युरोत आहेत, ग्राहक मात्र शिलिंगात पैसे भरतो. शिलिंग घसरला की फरक थेट बिलात येतो. महाग विजेवरून लोकांत नाराजी होतीच. 2021 मध्ये सरकारने या करारांची झाडाझडती घेतली आणि नवे करार काही वर्षं अडकून पडले. मोठ्या प्रकल्पांवर विसंबलेल्यांचे तेव्हा हाल झाले. नव्याने येणाऱ्याने कारखान्यांच्या छतावरच्या सौरकामापासून सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. 2024 च्या नेट मीटरिंग, म्हणजे उरलेली सौरवीज ग्रीडला देऊन बिलात वळती करण्याच्या, नियमांनुसार ग्रीडला दिलेल्या युनिटांपैकी निम्मीच खात्यात जमा होतात, तेव्हा दिवसाच्या वापराएवढंच पॅनेल मांडायचं. बसवणाऱ्या माणसाकडे एप्राचा, म्हणजे इथल्या ऊर्जा नियामकाचा, परवाना हवाच.

अदानींबद्दल तुम्हाला हमखास विचारतील. पारेषण वाहिन्यांचा त्यांचा करार राष्ट्राध्यक्ष रुटो यांनी नोव्हेंबर 2024 मध्ये रद्द केला. कुणाची बाजू घेत बसू नका, पण माणसं पोटतिडकीने बोलतात ती शांतपणे ऐका. करार बंद दाराआड होतात आणि बिल आपण भरतो, ही त्यांची तक्रार मला रास्त वाटते.

आता घराचं. बहुतेक फ्लॅटना प्रीपेड मीटर असतो. एम-पेसा या मोबाइलवरून पैसे देण्याच्या सेवेने पैसे भरले की एसएमएसने वीस आकडी टोकन येतं, ते मीटरवर टाइप करायचं. तो एसएमएस पुसू नका. रिकाम्या घराच्या मीटरवर जुनी थकबाकी असेल तर ती तुमच्या पैशांतून कापली जाते. चावी घेण्याआधी घरमालकासमोर थोडं टोकन घालून बघा. युनिटचा दर मागच्या तीन महिन्यांच्या सरासरी वापरावर ठरतो. महिना 30 युनिटपर्यंत सगळ्यात स्वस्त, 100 च्या वर गेलात की सगळ्यात महाग. गीझर आणि इस्त्री बेतानेच. दिवे गेले की आधी शेजारी बघा. त्यांच्याकडे दिवे असतील तर तुमचं टोकन संपलंय, नसतील तर केनिया पॉवर या वीज वितरण कंपनीला मीटर नंबर देऊन तक्रार नोंदवा.